दुकान बंद, माळा चालू

आईच्या हातातली किराणामालाची यादी मी ओढून घेतली आणि शेंगदाण्यापासून साबणापर्यंत पेन्सिलीनं एकच लांब रेघ मारली.

"गिरे! डोकं फिरलंय काय तुझं?"

"बरं, साबण राहू दे. बाकीचं काही आणायचं नाही."

"आणि खायचं काय? तुझी पेन्सिल?"

"माळ्यावर आहे ते खायचं!" मी म्हणाले आणि स्टुलावर चढले. कुठलीही महत्त्वाची गोष्ट तेव्हा मला उंचावरूनच सांगावीशी वाटायची. "आई, वर अकरा डबे आहेत. मी मोजलेत. दर उन्हाळ्यात तू वाळवण घालतेस, दर पावसाळ्यात थोडं काढतेस, आणि उरलेल्यावर पुढच्या वर्षीचं रचून ठेवतेस. हे डबे रिकामे होईपर्यंत आपल्या घरी दुकान बंद! दुकान बंद, माळा चालू!"

दारात अण्णा कुणाचं तरी शिलाई मशीन उघडून बसले होते. हातातलं तेलाचं फडकं त्यांनी हलवलं. "ऐका, ऐका. मंत्रीबाई बोलायला लागल्या की जनतेनं ऐकायचं असतंय."

"तुम्ही तिला आणखी चढवा," आई म्हणाली. पण यादी तिनं परत मागितली नाही.

मी आठवीत होते. त्याच्या आदल्या वर्षापर्यंत हजेरीला "उपस्थित" म्हणताना माझा आवाज पुढच्या बाकापर्यंतसुद्धा जायचा नाही. मग जूनमध्ये एकदा बाईंनी मला परिपाठात बातम्या वाचायला उभं केलं, आणि मैदानाच्या टोकाला उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, "काय खणखणीत आवाज आहे पोरीचा!" बास. त्या दिवसापासून मी थांबलेच नाही. घरी, शाळेत, रिक्षात, देवळात, सगळीकडं बोलत सुटले.

आमचं घर इचलकरंजीत, यंत्रमागांच्या शेडांच्या गल्लीत. अण्णा एका शेडवर जॉबर होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. नुसत्या खटखटीवरून अण्णा सांगायचे, तिसऱ्या रांगेतला दुसरा आजारी आहे. त्या वर्षी संक्रांतीनंतर मालकानं सगळे माग वजनावर भंगारात विकले. चार दिवस माणसं घणानं ते फोडत होती. सत्तावीस वर्षं मागांच्या आवाजात ज्यांनी कानात कधी कापूस घातला नाही, ते अण्णा त्या चार दिवसांत घरात कापूस घालून बसले. त्यानंतर ते गल्लीतली शिलाई मशीन, कुकर, नळ, काय मिळेल ते दुरुस्त करायचे.

आणि आमच्या मयूरीताईचं लग्न तीन महिन्यांवर आलं होतं.

मुलगा जयसिंगपूरचा, अभिजित. सुपारी फुटली होती आदल्या वर्षी, पण लगेच मुलाची आजी वारली, म्हणून वर्षभर थांबायचं ठरलं होतं. आता वैशाखातला मुहूर्त होता. मुलाकडच्यांनी एकच अट घातली होती, लग्न कार्यालयात करायचं. कार्यालयाचा पुढचा हप्ता पाडव्यापर्यंत भरायचा होता. तो भरला नाही तर तारीख दुसऱ्या कुणाला जाणार होती.

त्याहून मोठी गोष्ट आईनं दार लावून, आवाज खाली आणून सांगितली होती. "माग गेल्याचं जयसिंगपूरला कळता कामा नये. लग्न होईस्तोवर. नंतर कळलं तर कळलं." आणि ते वाक्य माझ्याकडून वेगळं वदवून घेतलं होतं. माझा आवाज कुठवर जातो ते एव्हाना सगळ्यांना माहीत झालं होतं.

मी म्हणाले, "शप्पथ. माग हा शब्दसुद्धा काढणार नाही."

आणि मी तो कधीच काढला नाही.

* * *

रविवारी आम्ही डबे खाली उतरवले. मी माळ्यावर, ताई स्टुलावर, आई खाली.

काय नव्हतं त्यात! मुगाचे सांडगे, सांडगी मिरच्या, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, शेवया, साध्या कुरडया, ज्वारीचे पापड. एका डब्यात हुलगे, एकात हरभऱ्याची डाळ, एकात चिंचेचा काळाकुट्ट गोळा. एकात चुलत्यांकडनं आलेली आणि कुणालाच न आवडलेली नाचणी. मी प्रत्येक डब्याला वहीचा कागद चिकटवला आणि त्यावर नाव लिहिलं.

"हा बाकीच्यांपेक्षा हलका आहे," मी कोपऱ्यातला लाल झाकणाचा डबा पुढं ओढला.

"त्याला हात लावू नको!" आई आणि ताई एकदमच ओरडल्या.

मला माहीत होतं की त्यात काय आहे. आदल्या उन्हाळ्यात गच्चीवर मीच तर राखण करत बसले होते. ताईचं रुखवत होतं ते. लग्नात नवरीकडचे लोक मांडवात मांडतात ते पापड, कुरडया, सांडगे, सगळं शोभेचं. ताईनं गव्हाच्या चिकाचे पाच वाटे केले होते, पाच रंगांचे. तिनं सोऱ्यातनं रुपयाएवढ्या गुलाबी कुरडया घातल्या, हिरव्या घातल्या, केशरी घातल्या. आणि शेवटी गोल गोल फिरवत परातीएवढी एक थोरली कुरडई, आत गुलाबी, बाहेर पांढरी. ती उन्हातनं उचलताना आम्ही चौघांनी चार बाजूंनी कापड धरलं होतं. शेजारच्या होगाडेकाकू जिन्यातनं ओरडल्या होत्या, "अगं, कुरडई हाय का पालखी?"

"त्याच्याकडं नजरसुद्धा टाकायची नाही," आई म्हणाली. "रुखवतातलं घरात खात नसतात. एकदा मांडवात मांडलं की मग ते सासरच्यांचं."

"आणि फुटलेल्या असतील तर?"

"फुटलेलं मांडत नाहीत गं. अपशकुन."

मी माझ्या वहीत लिहिलं, लाल डबा सोडून. दहा डबे.

* * *

आमचा डब्यांचा महिना सुरू झाला, आणि खरं सांगते, सुरुवातीला मजा आली. सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी सांडग्यांची आमटी, रात्री शेवयांचा उपमा. ज्वारीच्या पापडांची मी भाजी शोधून काढली. ती इतकी वाईट झाली की अण्णांनी ताटाला नमस्कार केला.

"आज कुठलं साल जेवायचं?" ते पाटावर बसताना विचारायचे.

"गवार गेल्या वर्षीची. मिरच्या त्याच्या आदल्या वर्षीच्या."

"वा. म्हणजे तू सहावीत होतीस तेव्हाच्या. बोलत नव्हतीस तेव्हाच्या. शांत असतील."

ताई हसून हसून डाव्या हातानं डोळे पुसायची. ती एका शर्ट शिवायच्या युनिटमध्ये कॉलरवर बसायची. दुपारच्या डब्यात नाचणीची भाकरी आणि चिंचेचं सार घेऊन जायची आणि संध्याकाळी येऊन सांगायची, "गिरे, आज सगळ्या बायकांनी तुझं सार चाखलं. दोघींनी घरचे डबे उघडलेत म्हणे."

तेल तेवढं संपत होतं. तेल काही माळ्यावर साठत नाही. आई कढईत चमच्यानं मोजून घालायची, आणि तळण झाल्यावर उरलेलं गाळून परत वाटीत ठेवायची.

महिला दिनाला एका बचत गटानं आमच्या शाळेच्या हॉलमध्ये वक्तृत्व स्पर्धा ठेवली. विषय होता, "काटकसर : घराची ताकद". विषय वाचून मी बाकावरच उडी मारली. हा विषय माझ्यासाठीच काढला होता की!

भाषण बसवून घेतलं ताईनं. ती मोबाईलवर वेळ लावून गादीवर बसायची आणि मी खिडकीपाशी उभी राहून बोलायचे. "'दुकान बंद' म्हणताना हात असा खाली आण," ताई सांगायची, "आणि 'माळा चालू' म्हणताना वर. आणि मग थांब. टाळ्या येऊ देत. घाई करू नको." ते वाक्य आम्ही इतक्यांदा म्हटलं की अण्णा आंघोळीला जातानासुद्धा "दुकान बंद" म्हणून दार लावून घ्यायचे.

स्पर्धेच्या दिवशी मी सगळं सांगितलं. हुलगे, सांडगे, पापडाची वाईट भाजी, गाळून ठेवलेलं तेल. सांगितलं की आमच्या घरी महिनाभर दुकानाची पायरी कुणी चढलेलं नाही. "आमच्या घरी दुकान बंद आणि माळा चालू!" मी हात वर नेला आणि थांबले. टाळ्या आल्या. किती आल्या म्हणून सांगू! पहिल्या रांगेतल्या एक बाई तर चष्मा काढून डोळे पुसत होत्या. माझा पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून स्टीलचा एक मोठा डबा मिळाला, त्यावर माझं नाव कोरून.

"आता हा कशानं भरायचा?" आई म्हणाली. पण तिनं तो पदरानं पुसून फळीवर मधोमध ठेवला.

दोन दिवसांनी होगाडेकाकू मोबाईल हातात घेऊनच आत आल्या. "वहिनी, तुमची पोरगी सगळ्या ग्रुपवर फिरतीया की! माझ्या भावजयीला कोल्हापुरात आली!"

आईनं उभ्या उभ्या सगळा व्हिडिओ बघितला. काकू गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं.

"मागाचं बोलली नाहीस ना?"

"आई, बघितलंस की तू. एक अक्षर नाही. शप्पथ म्हणजे शप्पथ."

"नाही बोललीस," आई म्हणाली. आणि फळीवरचा डबा सरळ करत पुन्हा म्हणाली, "नाही बोललीस खरी."

* * *

पाडव्याच्या आधी आठ दिवस आई मिरजेला मामाकडं जाऊन आली. ठेवणीतली जांभळी साडी नेसून सकाळी गेली, दुपारी परत आली. मामाकडनं येताना तिच्या पिशवीत नेहमी शेवग्याच्या शेंगा नाहीतर पेरू असायचे. या वेळी पिशवी घडीच्या घडी होती.

"मामानं काही दिलं नाही?"

"घाईत होता."

तिनं साडी बदलली, आणि तिन्हीसांजेपर्यंत तांदूळ निवडत बसली. आधी निवडलेलेच तांदूळ.

त्या दिवसापासून आई एकदम उदार झाली. मला वाटलं, मी तिला जिंकलं. हळदीच्या जेवणासाठी म्हणून तिनं तूरडाळीचं एक पोतं कॉटखाली सरकवून ठेवलं होतं, त्याला आम्ही हात लावायचा नाही असा नियम होता. मी नुसतं चेष्टेनं म्हटलं, "आई, सांडगे संपले. त्या डाळीतली एक वाटी काढू?"

"काढ."

"लग्नाची डाळ आहे ती!"

"काढ म्हटलं ना."

गूळ काढला. मसाल्याची बरणी काढली. वऱ्हाडाच्या चहासाठीची साखर काढली. मी वहीत टिक करत होते. रात्री ताई अभिजितला फोन लावायची, तो उचलायचा नाही, आणि सकाळी त्याचा मेसेज यायचा, "कामात होतो." ताई म्हणायची, "मार्च महिना आहे ना, त्यांच्या ऑफिसात फार काम असतं." आई तिच्याकडं पाठ करून भाकरी थापत असायची. तव्यावरची भाकरी करपली तरी तिला वास यायचा नाही. मीच ओरडायचे.

* * *

पाडव्याला पुरणपोळ्या आणि कटाची आमटी होती. हरभऱ्याची डाळ माझ्या डब्यांतलीच. गुढी उभी केली, कडुनिंब खाल्ला, अण्णांनी धोतर नेसलं. सगळं होतं, फक्त तळण नव्हतं. घरच्या कुरडयांचा डबा रंगपंचमीलाच संपला होता. पाडव्याचं ताट, आणि त्यात तळणाची जागा मोकळी! मला ते बघवेना. मी या खात्याची मंत्री होते ना.

आई आणि ताई देवळात गेल्यावर मी माळ्यावर चढले.

मी फार विचार करून केलं, खरंच. लाल डब्यातल्या अख्ख्या कुरडया एकेक करून उचलून परातीत ठेवल्या. थोरली कुरडई कापडासकट दोन्ही हातांवर घेतली, श्वास रोखून. एकही फोडली नाही. तळाशी चुरा होताच, गुलाबी, हिरवा, केशरी. वर्षभरात तुटून पडलेले तुकडे. फुटलेलं मांडत नाहीत, हे आईच म्हणाली होती. जे मांडायचं नाही ते खायला काय हरकत? मी मूठभर चुरा घेतला, बाकी सगळं होतं तसं रचलं, आणि वाटीतलं सगळं तेल कढईत ओतलं.

चिमटीएवढे तुकडे तेलात पडले आणि फुलून बोटाएवढे झाले. तळल्यावर रंग जरा उतरला, पण होता. सणासारखा दिसत होता.

आम्ही जेवायला बसलो. मी ताटं झाकून ठेवली होती. "एक, दोन, तीन!" म्हणत झाकणं काढली.

"आँ?" अण्णा म्हणाले. "रंगपंचमी होऊन गेली की गं."

"आई!" ताई किंचाळली. अर्धी रागानं, अर्धी हसत. "आई, बघ हिनं काय केलं! माझ्या रुखवतातलं काढलं हिनं! गिरे, तुला मी आता..."

"अख्खी एकही नाही!" मी दोन्ही हात वर केले. "फक्त चुरा! फुटलेलं मांडत नाहीत, आईच म्हणाली. थोरली जशीच्या तशी आहे. वर जाऊन बघ. आगाऊपणा नाही केला मी, नियमात बसवून केलंय!"

"नियमात म्हणे! आई, सांग हिला. मार हिला!"

सगळ्यांनी आईकडं बघितलं. मी खांदे वर घेऊन तयार राहिले. आईचा हात लागायचा तर पाठीत लागायचा.

आईनं ताटातला एक गुलाबी तुकडा उचलला. तो जरा वेळ बोटांत धरला. मग तोंडात टाकला आणि चावला. कुरकुर आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"चांगल्या फुलल्यात," आई म्हणाली.

ताईच्या चेहऱ्यावरचं हसू काढायचं राहून गेल्यासारखं तसंच राहिलं.

"आई," ती म्हणाली. "तू का खाल्लीस?"

आईनं ताटातल्या पोळीची घडी सरळ केली.

"आई, तू का खाल्लीस ते सांग."

"मिरजेला नव्हते गेले मी," आई ताटाकडं बघत म्हणाली. "जयसिंगपूरला गेले होते. त्यांनी बोलावलं होतं."

"कधी?" अण्णांनी विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं.

"आठ दिवस झाले. म्हटलं, पाडवा होऊ दे. पोरीनं सणाचं दोन घास खाऊ दे. मग सांगू."

"कार्यालयाचं म्हणत असतील," ताई घाईघाईनं म्हणाली. "मी युनिटमध्ये विचारलंय. ॲडव्हान्स देणारेत मला. हप्ता भरता येईल आई, आज नाहीतर उद्या..."

"कार्यालयाचं काढलंच नाही त्यांनी."

"मग?"

"जमत नाही म्हणाल्या त्याच्या आई."

"असं कसं जमत नाही? नक्की काय म्हणाल्या? शब्दाला शब्द सांग."

"माग विकले ते कळलं त्यांना."

"कुणी सांगितलं?" अण्णांचा आवाज चढला. "कोण गेलं होतं सांगायला? होगाडे? मी विचारतो त्याला आत्ता..."

"बसा," आई म्हणाली. "कुणी नाही सांगितलं. शंका आली, चौकशी केली. गावात काय लपतंय?"

"शंका कशानं आली?"

"बसा हो. जेवा."

ताईनं मोबाईल उचलला. तिचा हात पुरणानं भरलेला होता, स्क्रीनवर तो चिकटत होता. तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग काहीतरी टाईप केलं आणि मोबाईल ताटाशेजारी ठेवून त्याच्याकडं बघत बसली. आम्हीही बघत बसलो. आमटीवर साय धरली.

मोबाईल वाजला. ताईनं मोठ्यानंच वाचायला सुरुवात केली. आमच्यापासून तिला काही लपवायचं नव्हतं, किंवा तिला भान नव्हतं.

"'मयूरी, माझा इलाज नाही. ती क्लिप माझ्या मामींनी आईला दाखवली. मग घरच्यांनी चौकशी केली. आई म्हणते, ज्यांच्या घरी दुकान बंद आणि माळा...'"

ती तिथं थांबली.

ते वाक्य तिनं मला शिकवलं होतं. हात कधी खाली आणायचा, कधी वर न्यायचा आणि कुठं थांबायचं.

कुणी माझ्याकडं बघितलं नाही. अण्णा भिंतीकडं बघत होते. ताई मोबाईलकडं. आईनं माझ्या ताटात पुरणपोळीवर तूप घालायचं म्हणून तुपाची वाटी उचलली. ती रिकामी होती, तरी चमचा आत फिरवला, आणि पोळीवर ठेवल्यासारखं केलं.

"जेव," ती मला म्हणाली. "पोरीची जात. ताटावरनं उठू नये."

* * *

ताई मला काही म्हणाली नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. ती माझ्याशी बोलायची, वेणी घालून द्यायची, डबा भरून द्यायची. त्याबद्दल मात्र एक शब्द नाही. मी शाळेत परिपाठाला उभी राहायचे थांबले. बाईंनी दोनदा विचारलं, मग सोडून दिलं.

लाल डबा खाली आला. चैत्रभर आमच्या ताटात रंगीत कुरडया होत्या, कधी गुलाबी, कधी हिरव्या. अण्णा आता "कुठलं साल" असं विचारत नव्हते. आई तळून ठेवायची आणि आम्ही खायचो. दुकानातनं फक्त तेल आणायचं, कारण डब्यात जे होतं ते तळल्याशिवाय खाता येत नव्हतं.

कार्यालयाची तारीख दुसऱ्या कुणाला गेली. वैशाखात अभिजितचं लग्न झालं, दुसऱ्या मुलीशी, आमच्याच मुहूर्तावर. होगाडेकाकूंनी ते जिन्यातूनच सांगितलं, आत आल्या नाहीत.

त्या दिवशी ताईनं कामावर सुट्टी टाकली होती. दुपारी तिनं स्टूल लावलं, माळ्यावरनं लाल डबा उतरवला. त्यात आता एकच वस्तू होती. थोरली कुरडई. तिनं ती कापडासकट ओट्यावर ठेवली आणि कढई गॅसवर चढवली.

"मयू, राहू दे ती," आई म्हणाली. "असू दे आठवण."

"कशाची?"

आई बाहेर जाऊन बसली.

कुरडई कढईत मावेना. मावणार नव्हतीच. ती तळायला केलीच नव्हती, मांडायला केली होती. ताईनं दोन्ही कडा धरल्या आणि दाबलं. वाळून दगड झालेली कुरडई लवकर मोडेना. मग काडकन आवाज आला आणि दोन तुकडे झाले. दोनाचे चार केले. बारीक चुरा ओट्यावर सांडला, तोही तिनं तळहातानं गोळा केला.

चारही तुकडे तळले. त्यांचं तेल निथळेपर्यंत ती कढईसमोरच उभी राहिली. मग माझं ताट घेतलं आणि पहिला तुकडा त्यात ठेवला. मोठा होता, ताटाच्या कडेबाहेर येत होता.

"खा," ताई म्हणाली. "डबा रिकामा करायचा होता ना तुला?"

मी खाल्ला. सगळा, चुऱ्यासकट.

आज मी अकरावीत आहे. अण्णा एका कॉलेजच्या गेटवर बसतात. ताई अजून कॉलर शिवते. फळीवर माझ्या नावाचा स्टीलचा डबा मधोमध आहे. त्यात कधी कुणी काही भरलं नाही.